बिही, बेल आणि पेरू : एका गैरहजर फळाचा इतिहास

बेलाच्या झाडाचे शास्त्रीय नाव 'एगल मार्मेलॉस' असे आहे. वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी ते पाठ करतात, पण त्यातल्या दुसऱ्या शब्दापाशी सहसा कोणी थांबत नाही. 'मार्मेलॉस' हे 'मार्मेलो' ह्या पोर्तुगीज शब्दाचे अनेकवचन. मार्मेलो म्हणजे मात्र बेल नव्हे. सफरचंद आणि नासपती ह्यांच्या कुळातले ते एक निराळेच फळ आहे. फारसीत त्याला 'बिह' म्हणतात, हिंदी-उर्दूत 'बिही', इंग्रजीत 'क्विन्स'. काश्मीरमध्ये ते पिकते आणि तिथल्या स्वयंपाकात वापरलेही जाते. महाराष्ट्रात ते पिकत नाही. आपल्याकडे त्याची ओळख असलीच तर काष्ठौषधींच्या दुकानात मिळणाऱ्या बिहीदाण्यापुरती, म्हणजे पाण्यात भिजवल्यावर बुळबुळीत होणाऱ्या त्याच्या बियांपुरती.

महादेवाला ज्याची पाने वाहतात त्या झाडाच्या नावात हे परके फळ शिरले कसे, ह्याचा माग काढू लागले की वाट अहमदनगरच्या निजामशाही दरबारावरून जाते आणि पुढे राहात्याच्या पेरूच्या बागांपर्यंत येते. (शहराचे आणि जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले. सोळाव्या शतकाविषयी लिहिताना येथे तेव्हाचे नाव ठेवले आहे.) फळ आले नाही, पण त्याचे नाव आले आणि ते टिकवण्याची रीतही आली. दोन्हींनी इथली फळे शोधली. त्या शोधाची हकीकत सांगणे आणि तिच्यात नामे कोणाची व क्रियापदे कोणाची हे तपासणे, एवढाच ह्या लेखाचा उद्देश आहे.

फळापेक्षा पाक मोठा

बिही कच्ची खाण्यासारखी नसते. गर कठीण आणि तुरट, दातांना बसणारा. वास मात्र असा की चार फळे घरात ठेवली तर खोली भरून जाते. हा वास खाण्यात कसा आणावा, ह्या प्रश्नातून तिचा सगळा पाकशास्त्रीय इतिहास निघाला आहे. ग्रीक आणि रोमन लोक ती मधात बुडवून ठेवत. पोर्तुगीज 'मार्मेलो' ह्या शब्दाचे मूळही 'मधुर सफरचंद' अशा अर्थाच्या एका ग्रीक शब्दात सापडते. पुढे साखर आली आणि मधाची जागा तिने घेतली.

मार्मेलोपासून जे करतात ती 'मार्मेलाद'. फळे अख्खी किंवा फोडी करून उकडायची, मऊ गर चाळणीतून काढायचा, जवळजवळ भारोभार साखर घालायची आणि मंद आचेवर घोटत राहायचे. पांढरट गर हळूहळू गुलाबी, मग विटकरी लाल होत जातो. बाहेरून रंग घालावा लागत नाही. फळातली तुरट द्रव्येच आचेने आणि आंबटपणाने रंग बदलतात. ज्या गुणामुळे फळ कच्चे खाववत नाही, तोच गुण शिजल्यावर त्याची शोभा होतो. गोळा घट्ट झाला की तो साच्यात किंवा उथळ भांड्यात ओतायचा, काही दिवस वाऱ्यावर सुकू द्यायचा, वरून कोरडी साय धरली की कागदात गुंडाळून लाकडी डब्यात ठेवायचा. खाताना सुरीने काप काढायचे.

टिकण्याचे कारण साधे आहे. गरातले पाणी काही आटून जाते आणि उरलेले साखर धरून ठेवते, त्यामुळे बुरशीला आणि जंतूंना लागणारे मोकळे पाणी मिळत नाही. बिहीत पेक्टिन भरपूर असते. पेक्टिन, आंबटपणा आणि साखर योग्य प्रमाणात भेटली की रस थिजतो. असा थिजलेला, सुकवलेला काप जहाजावरून महिनोन्महिने जाऊ शकतो. पोर्तुगालमधून मार्मेलाद डब्यांत भरून इंग्लंडला जाई. तिथे तिच्या नावाचे 'मार्मालेड' झाले, आणि पुढच्या दोन-तीन शतकांत ते नाव बिहीला सोडून संत्र्याला जाऊन चिकटले. आज पावाला लावायच्या मार्मालेडमध्ये मार्मेलो शोधून सापडणार नाही. फळ गळून पडावे आणि नाव उरावे, हे ह्या हकिकतीत पुन्हा पुन्हा घडते.

मुरब्ब्याचे मराठीकरण

बिहीची दुसरी वाट इराणची. अरबीत 'मुरब्बा' ह्या शब्दाचा धातू जोपासणे, वाढवणे ह्या अर्थाचा आहे. जोपासलेले, म्हणून जतन केलेले फळ ते मुरब्बा. पोर्तुगीज मार्मेलादेत फळाचा आकार मोडून त्याचा गोळा होतो, तर मुरब्ब्यात फळाच्या फोडी ओळखू येतात आणि पाक त्यांच्याभोवती असतो. इराणात आजही बिहीचा मुरब्बा हा घरोघरचा पदार्थ आहे.

हा शब्द मराठीत आला आणि त्याचे जे झाले ते भाषेच्या अभ्यासकाने पाहण्यासारखे आहे. मुरब्ब्याचा मुरंबा झाला, मोरंबा झाला, मुरांबा झाला. मराठी कानाने त्यात दोन ओळखीचे आवाज ऐकले. एक 'आंबा', दुसरा 'मुरणे'. एकदा शेवटचा 'आंबा' ऐकू आला की साखरेचा तो साखरांबा आणि गुळाचा तो गुळांबा, हे ओघानेच आले. उरलेला 'मोर' आवळ्याला जोडला गेला आणि मोरावळा तयार झाला. अरबी शब्दाची अशी फोड कोणा पंडिताने केली नसती. ती बोलण्यातून झाली. आणि 'मुरांबा मुरतो' हे वाक्य आपल्याला इतके स्वाभाविक वाटते की त्यातले नाम परदेशातून आले आणि क्रियापद इथलेच, हे सांगितल्याशिवाय लक्षातही येत नाही.

म्हणजे बिही टिकवण्याच्या दोन परंपरा होत्या. पश्चिमेकडून पोर्तुगीजांची काप पाडायची मार्मेलाद, आणि उत्तर-पश्चिमेकडून इराण्यांचा पाकातला मुरब्बा. ह्या दोन्ही परंपरांत वाढलेली माणसे सोळाव्या शतकात ज्या मोजक्या ठिकाणी समोरासमोर बसली, त्यांपैकी एक अहमदनगर.

नगरच्या दरबारातला पोर्तुगीज वैद्य

गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली हिंदुस्थानात आला आणि अखेरपर्यंत गोव्यात राहिला. मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होते, हे मुंबईच्या इतिहासाच्या वाचकांना ठाऊक असेल. अहमदनगरचा पहिला बुऱ्हाण निजामशहा (मृत्यू १५५३) ह्याच्या दरबारी तो उपचारासाठी जात असे, आणि ह्या राजाशी असलेल्या स्नेहाचा उल्लेख त्याने आपल्या ग्रंथात अभिमानाने केला आहे. निजामशाहीचे बंदर चौल होते आणि चौलच्या खाडीवर पोर्तुगीजांची वखार होती, त्यामुळे घाटावरचा हा दरबार आणि समुद्रावरची ही सत्ता ह्यांचा संबंध रोजच्या व्यवहाराचा होता. दुसऱ्या बाजूला, शाह ताहिर ह्या इराणी विद्वानाच्या प्रभावाने बुऱ्हाणने १५३७च्या सुमारास शिया पंथ स्वीकारला होता आणि त्याच्या दरबारात इराणी विद्वानांचा व हकिमांचा राबता होता. ओर्ता त्यांच्याशी औषधांच्या नावांवर, गुणांवर चर्चा करी. जो पदार्थ हकीम 'बिह' म्हणून ओळखत तोच ओर्ता 'मार्मेलो' म्हणून ओळखत होता. औषधशास्त्राच्या ग्रीक-अरबी परंपरेत हे फळ दोघांनाही समान होते, आणि दोघांच्याही पायाखालच्या जमिनीत ते नव्हते.

ओर्ताचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. हिंदुस्थानातल्या वनस्पती आणि औषधी द्रव्ये ह्यांविषयीचे हे संवाद आहेत. एका बाजूला स्वतः ओर्ता, दुसऱ्या बाजूला रुआनो हा कल्पित स्पॅनिश वैद्य. साहित्याच्या अभ्यासकांसाठी ह्या ग्रंथाचे आणखी एक महत्त्व आहे. कामोंइश ह्या पोर्तुगीज महाकवीची छापली गेलेली पहिली कविता ह्याच ग्रंथाच्या आरंभी आहे.

ह्या संवादांत बेल येतो, आणि त्याचे नाव दिले आहे 'मार्मेलोस द बेंगाला', बंगालची बिही. हगवणीवर ते गुणकारी असल्याचे ओर्ता सांगतो. वसईला ह्याच फळाला 'बेली' म्हणतात हे त्याला माहीत होते. मग 'सिरिफोले' आणि 'बेली' ह्यांतले खरे नाव कोणते, असे तो देशी वैद्यांना विचारतो, आणि 'सिरिफोले' हे वैद्यांचे नाव आहे असे त्याला उत्तर मिळते. सिरिफोले म्हणजे अर्थातच श्रीफल. वसईच्या लोकांची मराठी बोली आणि वैद्यांचे संस्कृत ह्यांतला फरक १५६३च्या एका पोर्तुगीज पुस्तकात असा नोंदला गेला आहे.

बेलाला बिही का म्हणावे? दोन्ही फळे गोल आणि पिकल्यावर पिवळी, दोन्ही सुगंधी, दोन्ही तुरट. दोन्ही पोट बांधणारी म्हणून वैद्यांच्या कामाची, आणि दोन्ही साखरेत ठेवण्याजोगी. आयुर्वेदाचे म्हणणे असे की इतर फळे पिकलेली चांगली, बेलाचे मात्र कच्चे अधिक गुणाचे. बेलाचा मुरांबा करताना कोवळ्या किंवा अर्धवट पिकलेल्या फळाच्या चकत्या घेतात त्या ह्याचसाठी. म्हणजे ओर्ताची तुलना केवळ रूपावरून झालेली नव्हती. फळाचे करायचे काय, ह्याच्या साम्यावर ती उभी होती. ताटात किंवा औषधाच्या पेटीत ज्या जागी मार्मेलो बसायचे, त्याच जागी इथे बेल बसत होता.

ओर्ताच्या ग्रंथाचा लॅटिन संक्षेप क्लुसियसने १५६७ साली प्रसिद्ध केला आणि युरोपातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या हाती ही नावे गेली. लिनियसने १७५३ साली बेलाला 'क्रातेवा मार्मेलॉस' म्हटले. १८०० साली कोरेया द सेरा ह्या पोर्तुगीज वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याला 'एगल' ह्या नव्या प्रजातीत घातले, पण 'मार्मेलॉस' तसेच ठेवले. एगल ही ग्रीक पुराणातली एक अप्सरा. सोन्याच्या फळांची बाग राखणाऱ्या भगिनींपैकी ती एक, आणि ती सोन्याची फळे म्हणजे बिहीच असावीत असे मानणारे अभ्यासक आहेत. हरिश्चंद्रगडाच्या किंवा रतनवाडीच्या देवळात वाहिल्या जाणाऱ्या बेलपत्राच्या शास्त्रीय नावात असे दोन्ही बाजूंनी परदेशी फळ बसलेले आहे.

ज्याने हे नाव रुजवले त्या ओर्ताचे पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. तो जन्माने ज्यू कुळातला, सक्तीने ख्रिस्ती झालेल्या घराण्यातला होता. १५६८ साली तो वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला, कातारीनाला, गोव्याच्या इन्क्विझिशनने जाळले, आणि १५८० साली त्याच्या स्वतःच्या अस्थी उकरून जाळण्यात आल्या. माणसाची राखही उरू दिली नाही. त्याने एका फळाला दिलेले नाव मात्र जगभरच्या वनस्पतिसंग्रहांत आजही लिहिले जाते.

पेरू : तीन भाषांनी ओळखलेले फळ

बेल वैद्यांचा झाला. स्वयंपाकघराला मात्र वेगळे फळ हवे होते, आणि ते अमेरिकेतून आले. पेरू हे उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेचे फळ. पोर्तुगीज-स्पॅनिश जहाजांतून ते आशियात पोहोचले. त्याला पाहून परकी माणसे काय म्हणाली, हे त्याच्या नावांवरून कळते. मराठी 'पेरू' हा शब्द पोर्तुगीज 'पेरा'वरून आला, आणि पेरा म्हणजे नासपती. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाशी त्याचा काही संबंध नाही. हिंदीतला 'अमरूद' हा शब्द फारसी, आणि फारसीत त्याचाही मूळ अर्थ नासपतीच. दोन वेगळ्या भाषांच्या लोकांनी एकाच अनोळखी फळाला स्वतंत्रपणे एकाच ओळखीच्या फळाचे नाव दिले. ह्याहून मौजेची गोष्ट मध्य भारतात आहे. जबलपूरच्या परिसरात आणि छत्तीसगडात पेरूला 'बिही' म्हणतात. फारसीतली बिह तिथे सरळ पेरूवर उतरली आहे. आपल्याकडे विदर्भ-मराठवाड्यात पेरूला 'जांब' किंवा 'जाम' म्हणतात, म्हणजे तिथल्या लोकांनी त्यात जांभाचे साम्य पाहिले. नगरकडे मात्र पेरूच.

बिहीचे नाव जसे पेरूला मिळाले, तशी बिहीची रीतही मिळाली. पोर्तुगीजांत फळाच्या नावाला 'आद' हा प्रत्यय लावून त्याच्या घट्ट पाकाचे नाव होते : मार्मेलोची मार्मेलाद, तशी पेराची पेराद. ब्राझीलमध्ये बिहीच्या जागी पेरू घेऊन 'गोयाबाद' झाली. गोव्यात पेरूची 'पेराद' आणि आंब्याची 'मांगाद' झाली. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत नाताळच्या कुस्वाराच्या ताटात पेरादचे काप आजही असतात. पेरूतही पेक्टिन भरपूर, विशेषतः अर्धवट पिकलेल्या फळात. बिहीच्या जागी बसायला तो सर्व बाजूंनी योग्य होता. कमी पडत होता तो आंबटपणा, आणि ती उणीव लिंबाने भरून काढली.

कालवे, कारखाने आणि कढई

नगर जिल्ह्यात हे फळ मोठ्या प्रमाणावर पिकू लागले ते विसाव्या शतकात, आणि त्यामागे पाणी आहे. अकोल्याचा डोंगराळ पश्चिम भाग सोडला तर हा जिल्हा पर्जन्यछायेतला, दुष्काळाची सवय असलेला. दारणा धरण १९१६ साली झाले आणि गोदावरीच्या कालव्यांनी कोपरगाव-राहात्याच्या पट्ट्यात बारमाही पाणी आले. प्रवरेवरचे भंडारदरा धरण १९२६ साली पुरे झाले. ह्या पाण्यावर ऊस आला आणि फळबागाही आल्या. शिर्डीच्या वाटेवर रस्त्याकडेला टोपल्यांतून विकले जाणारे राहात्याचे पेरू पुढे प्रसिद्ध झाले. 'सरदार' किंवा 'लखनौ-४९' ही सर्वपरिचित जात पुण्याच्या गणेशखिंड केंद्रात १९२७ साली निवडली गेली. हे केंद्र आज राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे आहे.

साखरेचे तेच. हरेगावचा बेलापूर कंपनीचा कारखाना १९२०च्या दशकातला, आणि प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५० सालचा. फळ आणि साखर एकाच जिल्ह्यात एकाच पाण्यावर पिकू लागली. पण साखर पिकणे वेगळे आणि घरात येणे वेगळे. रेशनकार्डावर मोजून मिळणारी साखर चहाला पुरवायची की पाकाला, हा प्रश्न ज्या घरांत होता तिथे पेरूची वडी हा चैनीचा पदार्थ होता. गुळावर भागवता येत नव्हते असे नाही, पण गूळ ओलावा धरतो, वडी चिकट राहते आणि लवकर बिघडते. गुळांबा बरणीत चालतो. वडीला साखरच मानवते.

आता रीत. पेरूचा बहर हिवाळ्यात येतो. फळे पिवळी झालेली, पण मऊ न पडलेली घ्यायची, आणि त्यांत चार-दोन हिरवट असू द्यायची, म्हणजे वडी धरते. फोडी थोड्या पाण्यात शिजवून गर चाळणीवर किंवा पुरणयंत्रातून काढायचा. बिहीच्या बिया सहज वेगळ्या होतात. पेरूच्या बिया ही ह्या कामातली खरी कटकट, आणि ती केल्याशिवाय गत्यंतर नाही. वाटीभर गराला पाऊण ते एक वाटी साखर. भांडे जाड बुडाचे. पितळी असेल तर कल्हई केलेले, नाहीतर फळाचा आंबटपणा पितळेला लागतो. गर दाट होऊ लागला की त्याचे शिंतोडे उडतात आणि साखरेचा चटका पाण्याच्या चटक्याहून वाईट, म्हणून हाताला फडके गुंडाळून लांब दांड्याच्या उलथन्याने ढवळायचे. लिंबाचा रस शेवटाकडे घालायचा. तो चव आणतो, गर थिजायला मदत करतो आणि साखर पुन्हा खडे धरण्यापासून रोखतो. मिश्रण कडा सोडू लागले, भांड्यात उलथन्यामागे गोळा होऊन फिरू लागले, की तूप लावलेल्या ताटात ओतून थापायचे. वडी त्याच दिवशी पाडायची घाई करायची नाही. रात्रभर, शक्य तर दोन दिवस, जाळीखाली वाऱ्यावर ठेवायचे.

ह्या शेवटच्या पायरीत नगरच्या हवेचा वाटा आहे. बिहीची मार्मेलाद ज्या प्रदेशात सुकवत तिथली हवा कोरडी होती. गोव्याच्या दमट किनाऱ्यावर पेराद सुकणे अवघड, तिथे सारे काम आचेवरच पुरे करावे लागते. नगरच्या पौष-माघातल्या कोरड्या, थंड वाऱ्यावर मात्र ताटातली वडी आपोआप सुकते. तिच्यावर ती पातळ कोरडी साय धरते, जी पोर्तुगालमधल्या गृहिणीला हवी असे. फळ बदलले, भाषा बदलली, पण हवेने मूळ रीतीला पुन्हा साथ दिली.

साठवणीची खरी परीक्षा पावसाळ्यात. साखर हवेतला ओलावा ओढते. ज्येष्ठ सरता सरता वड्यांना घाम येतो आणि बुरशी मग वाट पाहत नाही. म्हणून वड्या कागदात एकेक गुंडाळून घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवायच्या. मुरांबा असेल तर चिनी मातीच्या बरणीत, तोंडाला दादरा बांधून, मुंग्यांसाठी खाली पाण्याची परात. चमचा कोरडा हवा, हा सगळ्यांत मोठा नियम. ज्या घरांत हा नियम शिकवला गेला त्याच घरांत पाळी आलेल्या बाईचा हात बरणीला लागला तर मुरांबा नासतो, हेही शिकवले गेले. पहिला नियम अनुभवातून आला होता, दुसरा विटाळाच्या कल्पनेतून. दोन्ही एकाच तोंडून, एकाच धाकाने सांगितले जात. पदार्थ टिकवणाऱ्या बाईलाच त्या पदार्थापासून दूर ठेवणारी ही व्यवस्था आपण 'आजीच्या हातची चव' म्हणून आठवताना विसरू नये.

नामे आणि क्रियापदे

एव्हाना वाचकाच्या लक्षात आले असेल की ह्या हकिकतीत ज्यांची नावे आली ते जवळजवळ सारे पुरुष आहेत : राजा, वैद्य, मुद्रित ग्रंथाचे संक्षेपकार, वनस्पतिशास्त्रज्ञ. ओर्ताने आपल्या संवादांत मालुपा ह्या गोव्यातल्या हिंदू वैद्याला नावानिशी बोलते केले आहे, हे त्याचे मोठेपण. परंतु बेल साखरेत घालणाऱ्या, बरणी बांधणाऱ्या हातांना त्याच्याही पुस्तकात नाव नाही. आपल्याकडची स्थिती वेगळी नाही. सतराव्या शतकात रघुनाथ गणेश नवहस्तांनी 'भोजनकुतूहल' रचले ते संस्कृतात. मराठीतले छापील पाकशास्त्र रामचंद्र सखाराम गुप्ते ह्यांच्या १८७५च्या 'सूपशास्त्रा'पासून धरतात. लक्ष्मीबाई धुरंधर ह्यांचे 'गृहिणीमित्र' येते ते १९१० साली. ओर्ताच्या ग्रंथापासून स्त्रीने लिहिलेल्या ह्या पुस्तकापर्यंत जवळजवळ साडेतीनशे वर्षांचे अंतर आहे.

मग ह्या साडेतीनशे वर्षांची कागदपत्रे कुठे शोधायची? माझ्या मते ती भाषेत आहेत, आणि नामांपेक्षा क्रियापदांत अधिक आहेत. वर आलेली नामे पाहावीत : मुरब्बा अरबी, पेरू पोर्तुगीज, बिही फारसी, मार्मेलॉस पोर्तुगीज. ही सत्तेच्या आणि व्यापाराच्या वाटेने आली आणि त्यांचा इतिहास लिहिता येतो, कारण राजे आणि वैद्य कागद ठेवतात. पण जे करायचे ते सांगणारे शब्द घरचे आहेत : आटणे, आळणे, घोटणे, कडा सोडणे, थापणे, सुकणे, मुरणे. एकतारी, दोनतारी, गोळीबंद ही पाकाची मापे बोटांनी घेतलेली आहेत. उष्णतामापक नसताना किती आटले हे नेमके सांगणारी ही परिभाषा आहे, आणि ती कोणा एकाने केलेली नाही. परक्या नामाला तिने आपले क्रियापद जोडले, तेव्हाच ते नाम मराठी झाले. 'मुरब्बा' हा शब्द मराठीत टिकला कारण मराठीत 'मुरणे' आधीपासून होते.

भाषांतराचा विचार करणाऱ्यांना ह्यात काही सापडेल असे वाटते. बिहीचे भाषांतर दोनदा झाले. ओर्ताने तिला बेल म्हटले. ते नाम-भाषांतर होते, आणि ते ग्रंथात, वनस्पतिसंग्रहात टिकले. पण बेल खाणाऱ्या एकाही मराठी माणसाच्या तोंडी 'मार्मेलो' आला नाही. गोव्याच्या स्वयंपाकघराने बिहीऐवजी पेरू घेतला आणि रीत तीच ठेवली. ते क्रियेचे भाषांतर होते, आणि ते खाण्यात टिकले. पहिल्यात मूळ शब्द जपला गेला, दुसऱ्यात मूळ कृती. मूळ फळ दोन्हींत हरवले. कोणते भाषांतर अधिक प्रामाणिक म्हणायचे, हा प्रश्न वर्गात चर्चेला घेण्यासारखा आहे. माझा कल दुसऱ्याकडे आहे.

आज ह्याच पदार्थाचे तिसरे नाव प्रचारात आहे. फळप्रक्रियेच्या अभ्यासक्रमांत आणि शेतकऱ्यांसाठीच्या प्रशिक्षणात त्याला 'ग्वाव्हा चीज' किंवा 'पेरू चीज' म्हणतात. इंग्रजीत काप पाडता येण्याजोग्या घट्ट फळपाकाला चीज म्हणण्याची पद्धत होती, तिथून हे आले. दुधाचा त्यात थेंब नाही. सांगण्याची पद्धतही बदलली आहे. कडा सोडण्याऐवजी रिफ्रॅक्टोमीटरवरचे ब्रिक्सचे अंश पाहायचे : जॅम ६८ अंशांच्या आसपास उतरवतात, वडी त्याहून पुढे आटवावी लागते. ह्यात वाईट काही नाही. विकण्यासाठी माल करायचा तर दर वेळी सारखाच व्हावा लागतो आणि त्याला यंत्राचे माप हवेच. बहर जोरात आला की भाव पडतो, पेरू दोन-चार दिवसांत मऊ पडतो, आणि अशा वेळी ज्याला फळ टिकवता येते तोच शेतकरी वाचतो. जिल्ह्यातल्या बागांच्या दृष्टीने ही विद्या पूर्वी कधी नव्हती इतकी आज गरजेची आहे.

फक्त एवढे लक्षात असावे की ही विद्या पत्रकातून पहिल्यांदा येत नाही. काप पाडायची बिही जहाजातून किनाऱ्याला लागली, पाकातली बिही इराणी माणसांबरोबर दरबारात आली, आणि दोन्हींना जमिनीवर उतरवले ते ज्यांच्याकडे मुरणे, आटणे, कडा सोडणे हे शब्द होते अशा बायकांनी. बेलाच्या शास्त्रीय नावात पोर्तुगीज वैद्याची आठवण आहे. त्या बायकांची आठवण राहिली आहे ती आपण रोज वापरतो त्या क्रियापदांत, आणि ती क्रियापदे वापरात असेतोवरच ती राहणार. शब्दकोशात नाम एकटे जगू शकते. क्रियापदाला मात्र कोणीतरी चुलीपाशी उभे राहावे लागते.